नियमबाह्य सेवासमाप्ती आणि न्यायालयीन निर्णयाची रीत : महाराष्ट्रातील खाजगी शिक्षणसंस्थांच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रात माध्यमिक व उच्च शिक्षणाचा विस्तार मुख्यत्वेकरून खाजगी संस्थांच्या द्वारे झाला. शिक्षकाचे वेतन अनुदानातून शासन देत असले, तरी त्याची नेमणूक करणारी आणि त्याला सेवेतून दूर करणारी सत्ता संस्थेच्या व्यवस्थापनाकडे राहिली. वेतन देणारा एक आणि मालक दुसरा, अशी ही रचना आहे. या रचनेतून जे वाद निर्माण होतात त्यांपैकी सेवासमाप्तीचा वाद सर्वांत गंभीर होय. कारण त्यात केवळ एका पदाचा नव्हे, तर शिक्षकाच्या उपजीविकेचा, निवृत्तिवेतनाचा आणि गावातील त्याच्या प्रतिष्ठेचाही प्रश्न गुंतलेला असतो.

असा वाद न्यायासनापुढे गेल्यावर त्याचा निर्णय कोणत्या कसोट्यांवर होतो, याविषयी प्राध्यापकवर्गातही पुष्कळ गैरसमज आढळतात. 'अन्याय झाला' एवढे सिद्ध केले की नोकरी परत मिळते, हा एक समज. आणि 'संस्थेची नोकरी आहे, संस्था कधीही काढू शकते', हा त्याच्या नेमका उलट समज. दोन्ही समज चुकीचे आहेत. प्रस्तुत लेखात महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ या कायद्याच्या आधारे आणि उच्च व सर्वोच्च न्यायालयाच्या काही निर्णयांच्या साहाय्याने या प्रश्नाचा विचार केला आहे.

करार की संरक्षण?

सेवासमाप्तीच्या कोणत्याही दाव्यात न्यायालयापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो संस्थेने चूक केली की नाही हा नव्हे. या कर्मचाऱ्याला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश देण्याचा अधिकार मुळात न्यायालयाला आहे काय, हा तो प्रश्न होय. वैयक्तिक सेवेचा करार एखाद्यावर सक्तीने लादता येत नाही, हे जुने तत्त्व आहे. मालकाने करार मोडला तर नुकसानभरपाई मागावी. पुन्हा नोकरीवर घ्या असे म्हणता येणार नाही, असे हे तत्त्व सांगते.

या तत्त्वाची झळ महाविद्यालयीन क्षेत्राला किती तीव्रतेने बसली, हे 'वैश्य पदवी महाविद्यालय कार्यकारी समिती विरुद्ध लक्ष्मी नारायण' (१९७६) या खटल्यावरून दिसते. उत्तर प्रदेशातील या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना कुलगुरूंची पूर्वमान्यता न घेता सेवेतून दूर करण्यात आले होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पदावर पुनःस्थापित करण्यास नकार दिला. महाविद्यालय चालविणारी संस्था ही नोंदणीकृत संस्था आहे. ती कायद्याने निर्माण केलेली नाही, तर केवळ कायद्याने नियंत्रित होणारी आहे, असा भेद न्यायालयाने केला. करारभंग झाला तरी पुनःस्थापना मिळू शकेल असे तीनच अपवाद या निर्णयात सांगितले आहेत: संविधानाच्या अनुच्छेद ३११ चा भंग करून काढलेला शासकीय सेवक, औद्योगिक कायद्याचे संरक्षण असलेला कामगार, आणि कायद्याने स्थापन झालेल्या मंडळाने कायद्यातील बंधनकारक तरतूद मोडून काढलेला कर्मचारी. खाजगी महाविद्यालयाचे प्राचार्य या तिन्हींत बसत नव्हते.

मग शिक्षकाला कामगार कायद्याचा आश्रय घेता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात मिळाले. करंझाळे येथील शाळेतून त्यांची सेवा १९७५ मध्ये समाप्त करण्यात आली. 'सुंदरंबाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव शासन' (१९८८) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, शाळा हा 'उद्योग' असला तरी शिक्षक 'कामगार' नव्हे. कारण अध्यापन हे कुशल वा अकुशल श्रमाचे, देखरेखीचे, तांत्रिक किंवा कारकुनी स्वरूपाचे काम म्हणता येत नाही. परिणामी, त्याच शाळेतील शिपाई आणि लिपिक औद्योगिक कायद्याखाली दाद मागू शकतात, पण शिक्षक मागू शकत नाही, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली. शिक्षकी पेशाचा गौरव करीत असतानाच त्या पेशाला कायद्याच्या छत्राबाहेर ठेवणारा हा निर्णय आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाची जागा आता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली आहे. परंतु 'कामगार' या संज्ञेतील कामाचे प्रकार जवळपास तेच ठेवले असल्याने शिक्षकाच्या दृष्टीने फारसा फरक पडलेला नाही.

याचा अर्थ असा की, शिक्षकाला संरक्षण हवे असेल तर ते स्वतंत्र कायद्यानेच द्यावे लागते. महाराष्ट्राने हे काम तुलनेने लवकर केले. १९७७ चा अधिनियम १५ जुलै १९८१ पासून अमलात आला आणि त्याच वर्षी त्याखालील नियमावलीही लागू झाली. या अधिनियमातील 'शाळा' या शब्दाचा अर्थ व्यापक असून प्राथमिक शाळेपासून कनिष्ठ महाविद्यालय व अध्यापक विद्यालयापर्यंत पदवीपूर्व स्तरावरील संस्था त्यात येतात. पदवी महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी विद्यापीठ कायद्यात निराळी व्यवस्था आहे. महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ मध्ये जी न्यायाधिकरणे होती, त्यांच्या जागी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाची तरतूद केली आहे. एकाच आवारात, कधी एकाच इमारतीत शिकविणाऱ्या कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांतील अध्यापकांना दोन वेगळ्या न्यायाधिकरणांकडे जावे लागते, ही बाब अनेकांना दाद मागण्याची वेळ आल्यावरच कळते. तत्त्वे मात्र बरीचशी समान आहेत.

नेमणूक वैध होती काय?

अधिनियमाच्या कलम ४ (६) नुसार कोणत्याही कर्मचाऱ्याला अधिनियम व नियम यांतील तरतुदींखेरीज अन्य रीतीने निलंबित करता येत नाही, बडतर्फ करता येत नाही, सेवेतून कमी करता येत नाही किंवा पदावनतही करता येत नाही. कलम ९ खाली बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनतीच्या आदेशाविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. न्यायाधिकरणाचा पीठासीन अधिकारी हा न्यायिक अधिकारी असतो.

अपील दाखल झाल्यावर व्यवस्थापनाचा पहिला बचाव बहुधा ठरलेला असतो: 'यांची नेमणूकच नियमानुसार झालेली नव्हती.' मुंबई उच्च न्यायालयाने 'अण्णा माणिकराव पेठे' प्रकरणात (१९९७) असे सांगितले की, शाळा मान्यताप्राप्त आहे काय आणि नेमणूक कलम ५ प्रमाणे झाली आहे काय, हे प्रश्न न्यायाधिकरणाने आरंभीच निकालात काढले पाहिजेत. शिक्षणाधिकाऱ्याची मान्यता होती काय, हा तिसरा प्रश्नही त्या वेळी त्यांत होता. तथापि 'सेंट उलाई हायस्कूल' प्रकरणात (२००७ मध्ये प्रसिद्ध) पूर्णपीठाने या तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व कमी केले. नेमणुकीची वैधता शिक्षणाधिकाऱ्याच्या मान्यतेवर अवलंबून नाही, मान्यतेचा अभाव एवढ्याच कारणाने अपील फेटाळता येणार नाही, असे पूर्णपीठाने ठरविले. हे तर्काला धरूनच आहे. मान्यतेचा प्रस्ताव पाठविण्याचे काम व्यवस्थापनाचे. तो पाठविला नाही किंवा त्रुटी ठेवून पाठविला, तर त्याचा लाभ व्यवस्थापनानेच कसा घ्यावा?

नेमणुकीच्या स्वरूपाचा प्रश्न मात्र अधिक कठीण आहे. कलम ५ (२) प्रमाणे कायम रिक्त पदावर नेमलेली व्यक्ती दोन वर्षे परिवीक्षाधीन असते आणि तो काळ पूर्ण होताच ती स्थायी झाल्याचे मानले जाते. शिक्षण सेवकांसाठी हा कालावधी तीन वर्षांचा आहे. यावर उपाय म्हणून अनेक संस्थांनी जूनमध्ये नेमून मेमध्ये मुक्त करण्याची, म्हणजे अकरा महिन्यांच्या नेमणुकांची रीत पाडली. अशा चार-पाच नेमणुका झाल्यावर शिक्षक आपणास स्थायी समजू लागतो. परंतु 'हिंदुस्थान एज्युकेशन सोसायटी विरुद्ध शेख कलीम' (१९९७) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अशा निव्वळ तात्पुरत्या नेमणुकीस स्थायित्वाचा लाभ नाकारला. पद कायमस्वरूपी रिक्त होते एवढ्यावरून नेमणूक परिवीक्षेवरच झाली असे गृहीत धरता येणार नाही, असा कल मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१३ च्या पूर्णपीठ निर्णयातही ('रामकृष्ण चौहान' प्रकरण) दिसतो. तेव्हा नेमणूकपत्रातील शब्द, जाहिरात, मुलाखतीचे इतिवृत्त, आरक्षणाचा बिंदू या गोष्टी अपिलाचा निकाल ठरवितात. नोकरी मिळाल्याच्या आनंदात जे पत्र न वाचता फाइलमध्ये ठेवले जाते, तेच पुढे सर्वांत महत्त्वाचा पुरावा बनते.

तासिका तत्त्वावरील अध्यापकांची स्थिती याहून नाजूक आहे. त्यांना स्थायित्वाचा हक्क नाही. तथापि एका तात्पुरत्या अध्यापकाला काढून त्याच्या जागी दुसरा तात्पुरताच अध्यापक आणता येणार नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 'मनीष गुप्ता विरुद्ध जनभागीदारी समिती' (२०२२) या ग्वाल्हेरच्या महाविद्यालयांविषयीच्या निर्णयात पुन्हा सांगितले आहे. नियमित निवडीने आलेल्या उमेदवारासाठी जागा सोडावी लागेल, पण केवळ नवा तासिकावाला आणण्यासाठी जुन्याला घालविता येणार नाही, असा त्याचा आशय आहे.

परिवीक्षाधीन शिक्षक आणि 'निष्पाप' आदेश

परिवीक्षा काळात काम किंवा वर्तन समाधानकारक नसेल तर कलम ५ (३) नुसार एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचे वेतन देऊन सेवा समाप्त करता येते. चौकशीची आवश्यकता नसते. त्यामुळे गैरवर्तनाचा आरोप मनात ठेवून आदेशात मात्र 'आपले काम समाधानकारक आढळले नाही' एवढेच लिहिण्याची सोय व्यवस्थापनाला सापडते. न्यायालये अशा आदेशाच्या शब्दांपाशी थांबत नाहीत. 'पुरुषोत्तमलाल धिंग्रा' (१९५८) व 'शमशेर सिंग' (१९७४) या निर्णयांपासून एक भेद रूढ झाला आहे: आरोप हा सेवासमाप्तीचा केवळ हेतू होता की तिचा पाया होता? कामाचे मूल्यमापन करताना एखादी तक्रार कानावर आली आणि परिवीक्षा पुढे चालवू नये असे वाटले, तर तो हेतू. परंतु शिक्षकाच्या पाठीमागे आरोपाची चौकशी केली, त्याला दोषी धरले आणि त्या निष्कर्षावर आदेश काढला, तर आरोप हा पाया ठरतो आणि चौकशीविना काढलेला आदेश टिकत नाही. हा भेद कागदावर स्पष्ट दिसत असला तरी प्रत्यक्षात धूसर आहे, आणि एकसारख्या वाटणाऱ्या वस्तुस्थितीत निरनिराळे निर्णय झालेले आहेत, हे मान्य केले पाहिजे.

महाराष्ट्राच्या नियमावलीत मात्र एक अधिक ठोस आधार आहे. नियम १५ प्रमाणे शिक्षकाच्या कामाचे मूल्यमापन व गोपनीय अहवाल लिहिले जाणे अपेक्षित आहे. 'प्रोग्रेसिव्ह एज्युकेशन सोसायटी विरुद्ध राजेंद्र' (२००८) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने कलम ५ (३) चा अधिकार नियम १५ शी जोडून वाचला आणि व्यवस्थापनाचे अपील फेटाळले. काम असमाधानकारक होते असे म्हणावयाचे, तर त्या कामाचे मूल्यमापन केल्याचा लेखी पुरावा हवा. दोन वर्षे एकही शेरा न देता शेवटच्या आठवड्यात अकस्मात जागे होणाऱ्या मुख्याध्यापकांनी या निर्णयाची दखल घ्यावयास हवी.

चौकशी : समितीची रचना आणि तिचे काम

स्थायी शिक्षकाला गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कर्तव्यात जाणूनबुजून व सातत्याने केलेली हयगय किंवा अकार्यक्षमता या कारणांसाठी सेवेतून दूर करता येते. परंतु नियम ३६ व ३७ खालील चौकशी पूर्ण केल्यावरच. या चौकशी समितीची रचना लक्षणीय आहे. एक सदस्य व्यवस्थापनाचा. दुसरा, आरोप असलेल्या शिक्षकाने कोणत्याही खाजगी शाळेच्या कर्मचाऱ्यांतून सुचविलेला. तिसरा, राज्य अथवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या नामिकेतून घेतलेला. मुख्याध्यापकाविरुद्ध चौकशी असेल तर व्यवस्थापनाच्या वतीने स्वतः अध्यक्ष बसतात व तिसरा सदस्य पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापकांतून येतो. मालकच फिर्यादी व मालकच न्यायाधीश, या अवस्थेतून काही अंशी सुटका व्हावी हा या रचनेचा हेतू आहे.

न्यायाधिकरणापुढील सर्वाधिक व्यवस्थापने हरतात ती येथेच, असे निर्णयांचे संग्रह चाळणाऱ्याला जाणवते. आरोप खोटे ठरतात म्हणून नव्हे, तर चौकशी नीट होत नाही म्हणून. शिक्षकाच्या प्रतिनिधीला बैठकीची सूचना मिळत नाही. दोनच सदस्य बैठका उरकतात. साक्षीदारांची लेखी निवेदने घेतली जातात पण उलटतपासणी होऊ दिली जात नाही. दस्तऐवजांच्या प्रती नाकारल्या जातात. 'विद्या विकास मंडळ विरुद्ध शिक्षणाधिकारी' (२००७) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने समितीच्या तिन्ही सदस्यांनी एकत्रितपणे काम करून एकत्र अहवाल देणे आवश्यक मानले. सदस्यांनी आपापली स्वतंत्र मते पाठविणे म्हणजे समितीचा अहवाल नव्हे. निलंबनकाळात निर्वाह भत्ता न दिल्यानेही चौकशी दूषित होऊ शकते. उपाशी माणसाला दूरच्या गावी चौकशीसाठी हजर राहा म्हणणे म्हणजे संधी नाकारणेच होय, हा विचार 'कॅप्टन एम. पॉल अँथनी' (१९९९) प्रकरणामागे आहे.

येथे दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. चौकशीतील प्रत्येक उणीव आदेशाला मारक ठरत नाही. 'ई. सी. आय. एल. विरुद्ध बी. करुणाकर' (१९९३) या निर्णयाने चौकशी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला देणे आवश्यक ठरविले. पण प्रत न मिळाल्याने त्याच्या बचावाला प्रत्यक्ष बाधा पोहोचली काय, हे पाहिल्यावरच आदेश रद्द करावा, असेही सांगितले. विभागीय चौकशीत फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही. संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढे पुरेसे असते. म्हणून फौजदारी न्यायालयातून सुटलेला शिक्षक चौकशीत दोषी ठरू शकतो. शिक्षेच्या प्रमाणाविषयीही न्यायालये संयमी आहेत: दिलेली शिक्षा न्यायबुद्धीला धक्का देणारी असेल तरच ती बदलली जाते ('बी. सी. चतुर्वेदी', १९९५). आणि विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला की नैसर्गिक न्यायाचे निकषही लवचीक होतात. 'अविनाश नागरा विरुद्ध नवोदय विद्यालय समिती' (१९९७) या प्रकरणात अल्पवयीन मुलीला साक्षीसाठी उभे करून तिची उलटतपासणी करू देणे योग्य नव्हे, हे मान्य करून संक्षिप्त चौकशीवर आधारलेली सेवासमाप्ती कायम ठेवण्यात आली.

राजीनाम्याचा मार्ग चौकशी टाळण्यासाठी वापरला जातो, हे विधिमंडळाला ठाऊक होते असे दिसते. कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत लिहून, दोन्हींवर सही व तारीख घालून, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावयाची व दुसरी स्वतःजवळ ठेवावयाची असते. अध्यक्षांच्या दालनात बसून लिहिलेला व तेथेच 'स्वीकृत' शेरा मिळालेला राजीनामा म्हणूनच संशयाने पाहिला जातो.

पुनःस्थापना झाली, मधल्या वर्षांचे काय?

आदेश बेकायदेशीर ठरल्यावर कलम ११ नुसार न्यायाधिकरण शिक्षकाला पूर्ववत पदावर घेण्याचा, थकीत वेतन देण्याचा किंवा कमी शिक्षा देण्याचा आदेश करू शकते. पुनःस्थापना करावयाची नसेल तर दहा किंवा अधिक वर्षे सेवा झालेल्यास बारा महिन्यांचे आणि त्याहून कमी सेवा झालेल्यास सहा महिन्यांचे वेतन भरपाई म्हणून देता येते.

सर्वाधिक मतभेद आहेत ते थकीत वेतनाविषयी. १९७८ च्या 'हिंदुस्थान टिन वर्क्स' निर्णयात त्रिसदस्य पीठाने पूर्ण थकीत वेतन हा सर्वसाधारण नियम मानला होता, जरी कारखान्याची आर्थिक स्थिती पाहून प्रत्यक्षात ७५ टक्केच मंजूर केले. २००० नंतरच्या दशकात वारे फिरले. 'केंद्रीय विद्यालय संघटन विरुद्ध एस. सी. शर्मा' (२००५) या निर्णयात आपण अन्यत्र नोकरीस नव्हतो हे कर्मचाऱ्यानेच मांडले पाहिजे असे म्हटले गेले. 'जे. के. सिंथेटिक्स' (२००७) मध्ये तर पुनःस्थापनेबरोबर थकीत वेतन व सेवासातत्य आपोआप येत नाही, अशी भूमिका घेण्यात आली. 'काम नाही तर वेतन नाही' हे वाक्य त्या काळी निकालपत्रांतून वारंवार भेटते. काम कोणी करू दिले नाही, हा प्रश्न त्या वाक्यात मावत नाही.

या प्रवाहाला उलट वळण मिळाले ते औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) एका प्राथमिक शाळेतील शिक्षिकेच्या खटल्यातून. 'दीपाली गुंडू सुरवसे विरुद्ध क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालय' हा १२ ऑगस्ट २०१३ चा निर्णय होय. शिक्षिकेला आधी निलंबित करून २००७ मध्ये सेवेतून दूर करण्यात आले. शाळा न्यायाधिकरणाने २००९ मध्ये व्यवस्थापनाची कृती मनमानी व नैसर्गिक न्यायाला सोडून असल्याचे ठरवून पूर्ण थकीत वेतनासह पुनःस्थापनेचा आदेश दिला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सेवासमाप्ती बेकायदेशीर असल्याचे मान्य केले, पण 'जे. के. सिंथेटिक्स'चा आधार घेऊन थकीत वेतन नाकारले. न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी व न्यायमूर्ती व्ही. गोपाल गौडा यांच्या पीठाने न्यायाधिकरणाचा आदेश पुनरुज्जीवित केला.

या निर्णयाचे महत्त्व पुराव्याच्या भारासंबंधी आहे. नोकरी गेलेल्या माणसाने 'मला दुसरीकडे काम नव्हते' ही नकारात्मक गोष्ट सिद्ध कशी करावी? न्यायालयाने म्हटले की, कर्मचाऱ्याने तसे कथन करणे किंवा शपथेवर सांगणे पुरेसे आहे. त्यानंतर तो अन्यत्र तेवढ्याच वेतनावर कामास होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर जाते. सेवेचा काळ, गैरवर्तन सिद्ध झाले असल्यास त्याचे स्वरूप आणि मालकाची आर्थिक स्थिती हे घटक विचारात घेता येतात. परंतु कायद्याचे उघड उल्लंघन झाले असेल किंवा कर्मचाऱ्याचा छळ करण्याच्या हेतूने कारवाई झाली असेल, तेथे पूर्ण वेतनच न्याय्य ठरेल. खटला वर्षानुवर्षे चालला याचा दोष कर्मचाऱ्याच्या माथी मारता येणार नाही, कारण विलंबावर त्याचे नियंत्रण नसते आणि दीर्घकाळ वकिलाचा खर्च सोसण्याची ताकद बहुधा मालकापाशीच असते. 'जे. के. सिंथेटिक्स'मधील विपरीत मत जुन्या त्रिसदस्य निर्णयांशी विसंगत असल्याने तो चांगला कायदा नव्हे, असेही स्पष्ट केले गेले.

तरीही 'पूर्ण वेतन' हे यंत्रवत् सूत्र बनलेले नाही. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या एका बसचालकाच्या प्रकरणात (१४ फेब्रुवारी २०२५) सर्वोच्च न्यायालयाने ७५ टक्के थकीत वेतन मंजूर केले. १९९६ च्या अपघाताबद्दल महामंडळाने चालकाला बडतर्फ केले होते. मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे त्याच महामंडळाने दोष ट्रकचालकाचा असल्याचे सांगितले होते. एका कार्यालयाने दोन ठिकाणी दोन तोंडांनी बोलावे, ही गोष्ट शिक्षणसंस्थांच्या प्रकरणांतही अपरिचित नाही: शिक्षणाधिकाऱ्याला पाठविलेल्या संचमान्यतेच्या कागदांत पद कायम दाखवावयाचे आणि न्यायाधिकरणापुढे ते तात्पुरते म्हणावयाचे.

मुदत आणि अंमलबजावणी

कलम ९ खालील अपील आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत करावयाचे असते. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होतो, पण तो हक्क नव्हे. याच तीस दिवसांत संस्थेचे कोणी हितचिंतक समेटाची आशा दाखवितात, शिक्षणाधिकाऱ्याकडे निवेदने दिली जातात, आमदारांच्या भेटी होतात आणि मुदत टळते. लेखी आदेश न देता हजेरीपटावर सही करू न देणे, हा प्रकार तर याहून त्रासदायक. कारण सेवासमाप्ती झाली केव्हा हेच वादग्रस्त बनते. अशा वेळी शाळेत हजर झाल्याचे त्याच दिवशी लेखी कळविणारे, टपालाची पोच असलेले पत्र नंतरच्या दहा साक्षीदारांपेक्षा उपयोगी पडते.

अपील शक्यतो तीन महिन्यांत निकालात काढावे, अशी अधिनियमाची अपेक्षा आहे. ती क्वचितच पूर्ण होते. न्यायाधिकरणाचा निर्णय कलम १२ नुसार अंतिम असला तरी संविधानाच्या अनुच्छेद २२६ व २२७ खालील उच्च न्यायालयाचा अधिकार शाबूत राहतो, आणि बहुतेक व्यवस्थापने तेथे जातातच. आदेश न पाळणाऱ्या व्यवस्थापनाला कलम १३ खाली शिक्षेची तरतूद आहे. परंतु त्याहून परिणामकारक साधन कलम ११ (३) मध्ये आहे. थकबाकीची रक्कम संस्थेला देय असलेल्या अनुदानातून कापून थेट कर्मचाऱ्याला द्यावी, अशी शिफारस न्यायाधिकरण शासनाला करू शकते. ही तरतूद अनुदानित शाळेपुरतीच उपयोगी आहे, हे उघड आहे. विनाअनुदानित व स्वयंअर्थसाहाय्यित शाळांची संख्या जसजशी वाढत गेली, तसतसे या कलमाचे क्षेत्र आकुंचित होत गेले. अशा शाळेतील शिक्षकाच्या बाजूने निकाल लागला, तरी कापून घ्यावे असे अनुदान तेथे नसते. वसुलीसाठी त्याला व्यवस्थापनाच्या मालमत्तेचाच शोध घ्यावा लागतो.